ज्याच्या नावाचं पत्र, त्यानंच फोडावं

(सार्वजनिक वाचनालयाच्या मागची खोली, मोफत कायदा सल्ला केंद्र. टेबलाच्या अलीकडे एक निवृत्त मेट्रन आणि तिची धाकटी जाऊ, पलीकडे वकीलबाई. दुपारचे अडीच.)

मेट्रन : आधी फी सांगा. कागद त्यानंतर निघेल.

वकीलबाई : आजी, मघाशीच म्हटलं ना, इथं फी नसते.

मेट्रन : मी तुमची आजी नाही. चौतीस वर्षं इस्पितळात काढली, त्यांतली अकरा मेट्रन म्हणून. लोक अजूनही मला त्याच नावानं हाक मारतात. आणि ज्या कामाचं मोल घेतलं जात नाही, ते काम मन लावून केलं जात नाही, असं माझं मत आहे.

धाकटी : जाऊबाई, अहो ती पाटी बघा ना भिंतीवर. ‘येथे कोणत्याही कामाचे पैसे घेतले जात नाहीत. कोणी मागितल्यास कळवा.’ एवढी मोठ्ठी पाटी! मी तर आल्या आल्या वाचली.

मेट्रन : तू पाट्या वाच. बोलणं माझ्याकडे असू दे.

धाकटी : बरं बाई.

वकीलबाई : मेट्रनबाई, काम तरी सांगा. पटलं तर कागद दाखवा, नाही पटलं तर बाहेर वर्तमानपत्रं आहेत, ती चाळून घरी जा.

मेट्रन : काम दहा मिनिटांचं आहे. आज पाच वाजता एक गृहस्थ सहीसाठी माझ्या घरी येणार आहेत. त्यांनी दिलेला मसुदा कायद्याच्या दृष्टीनं निर्दोष आहे का, एवढंच तुम्ही पाहायचं. भाषा मी तपासलेली आहे. सात ठिकाणी तांबड्या शाईनं दुरुस्ती केली आहे.

धाकटी : गृहस्थ कसले! सफारीवाला तो. तीन बोटांत तीन अंगठ्या. ओठांत एक, पोटात एक. दारावर बँकेची नोटीस लागली आणि तिसऱ्या दिवशी हा हजर. आम्ही शेजारणीलासुद्धा सांगितलं नव्हतं, आणि ह्याला बरा वास लागला!

मेट्रन : धाकटे.

धाकटी : गप्प आहे मी. गप्पच आहे.

वकीलबाई : द्या मसुदा. हं... हं. मेट्रनबाई, हा कागद म्हणजे काय, असं त्यांनी तुम्हाला सांगितलं?

मेट्रन : तात्पुरती व्यवस्था. घर काही काळ त्यांच्या नावावर राहील, बँकेला ते तोंड देतील, आम्ही आहोत तिथंच राहू. सगळं मिटलं की घर पुन्हा आमच्या नावावर.

वकीलबाई : ह्यातला ‘तात्पुरती’ हा शब्द मला दाखवा.

मेट्रन : तो त्यांनी तोंडी सांगितला.

वकीलबाई : आणि ‘पुन्हा आमच्या नावावर’?

मेट्रन : तोही तोंडीच.

वकीलबाई : डॉक्टरनं जाता जाता तोंडी सांगितलेलं इंजेक्शन तुम्ही कधी रोग्याला दिलंत?

मेट्रन : एक थेंबसुद्धा नाही. चिठ्ठीवर लिहून, खाली सही केल्याशिवाय माझ्या कपाटातून औषध हलत नसे. एका मोठ्या सर्जनना मी जिन्यातून परत बोलावलं आहे.

वकीलबाई : मग अख्खं घर तोंडी सांगण्यावर कसं देता? हे खरेदीखत आहे, मेट्रनबाई. तुम्ही सही केलीत की घर विकलंत. तुमच्या त्या सात दुरुस्त्यांमुळे ते आता अगदी शुद्ध भाषेत विकलं जाईल, एवढंच.

धाकटी : अगंबाई!

मेट्रन : एकदा पुन्हा वाचा.

वकीलबाई : दोनदा वाचलं. हवं तर तुम्ही वाचा. तिसरं कलम. शुद्धलेखन न बघता वाचा.

मेट्रन : ‘...लिहून देणार यांचा सदर मिळकतीवर यापुढे कोणताही हक्क अगर हितसंबंध राहिलेला नाही.’ हं.

वकीलबाई : त्यांना पैसे दिलेत?

मेट्रन : आगाऊ रक्कम दिली आहे. नोंदणीच्या खर्चासाठी.

वकीलबाई : पावती?

धाकटी : मी म्हटलं होतं, पावती मागा. म्हणजे मनात म्हटलं होतं.

मेट्रन : पावती नाही. तुम्ही असं बघू नका माझ्याकडे. त्यांनी कामाचा मोबदला मागितला, म्हणूनच मी त्यांच्यावर विश्वास टाकला. व्यवहाराला व्यवहार. कुणाच्या दारात पदर पसरणं मला जमत नाही. ही धाकटी गेले चार दिवस ‘मोफत केंद्रात चला, मोफत केंद्रात चला’ म्हणून कानाशी भुणभुण करते आहे. शेवटी मी म्हटलं, चल, पण मी तिथं मसुदा तपासून घ्यायला येईन, मदत मागायला नाही.

वकीलबाई : तुमच्या इस्पितळात रोग्याकडून किती घ्यायचे?

मेट्रन : काही नाही. सरकारी होतं.

वकीलबाई : मग फुकटच्या रोग्याला टाके जरा सैल घालत असाल.

मेट्रन : जीभ सांभाळा, वकीलबाई! माझ्या वॉर्डात हमाल आणि हवेलीवाला एकाच धुलाईच्या चादरीवर झोपत. फुकट म्हणून एका माणसाचं बँडेज जरी ढिलं बांधलेलं दिसलं, तरी त्या पोरीला मी सगळ्यांदेखत ते सोडून पुन्हा बांधायला लावत असे.

वकीलबाई : आणि तो रोगी तुमच्या दारात पदर पसरून आलाय, असं तुम्हाला वाटायचं?

मेट्रन : मुळीच नाही. त्याचा हक्क होता. आमचा पगार लोकांनी भरलेल्या करातून होत असे.

वकीलबाई : माझाही तिथूनच होतो. आणि तुम्ही चौतीस वर्षं कर भरलात. म्हणजे तुमची फी केव्हाच जमा झाली आहे, मेट्रनबाई. तुम्ही उलट माझ्याकडून काम वसूल करायला आला आहात.

धाकटी : बोला आता!

मेट्रन : धाकटे, पिशवी दे.

धाकटी : सगळी?

मेट्रन : सगळी. अर्धी नाडी दाखवून कुणी तपासणी करून घेत नाही. ही घ्या, वकीलबाई. दारावर लावलेली नोटीस. तेवीस तारखेला बँक ताबा घेणार, असं तीत म्हटलं आहे. आज चौदा.

वकीलबाई : नऊ दिवस. नऊ दिवस पुष्कळ असतात; माझ्याकडे लोक आदल्या संध्याकाळी येतात. पण बँक एकदम दारावर कागद लावत नाही. आधी पत्रं येतात.

मेट्रन : आली आहेत. एकोणीस. आल्या दिवसाची तारीख प्रत्येकावर मी शिसपेन्सिलीनं घातलेली आहे. क्रमानं लावली आहेत.

वकीलबाई : वा, अशी पक्षकार मिळायला भाग्य... मेट्रनबाई, ही पाकिटं बंद आहेत.

मेट्रन : अर्थातच.

वकीलबाई : एकोणीसच्या एकोणीस?

मेट्रन : त्यांवर माझं नाव नाही. ह्यांचं आहे.

वकीलबाई : हे म्हणजे तुमचे मिस्टर. ते कुठं आहेत?

मेट्रन : त्यांना जाऊन सतरा महिने झाले.

वकीलबाई : आणि त्यांच्या नावाची पत्रं तुम्ही—

मेट्रन : आमच्या घरात दुसऱ्याचं पत्र कुणी फोडत नाही. ज्याच्या नावाचं पत्र, त्यानंच फोडावं. मी लग्न होऊन आले, तेव्हा माझ्या माहेरची पत्रं आधी सासूबाई वाचत. पत्र माझ्या हाती पडे, तोवर त्यातली सुखदुःखं स्वयंपाकघरात चघळून चोथा झालेली असत. माझ्या आईच्या आजारपणावर शेजारणीनं मत दिलं, तेव्हा मला कळलं की आई आजारी आहे. घराची सूत्रं माझ्याकडे आली, तेव्हा पहिला नियम हा घातला. बेचाळीस वर्षं तो मोडलेला नाही.

धाकटी : माझ्या लेकीचा परीक्षेचा निकाल पाच दिवस टेबलावर पडून होता, ती सहलीला गेली होती म्हणून. मी उजेडात धरून बघत होते. पास होती की नापास, काही दिसेना.

मेट्रन : उजेडात धरणं हेही फोडण्यासारखंच आहे.

वकीलबाई : पण आता तर ते नाहीत.

मेट्रन : माणूस गेला म्हणून त्याचं पत्र बेवारस होत नाही.

वकीलबाई : अगदी बरोबर. बेवारस होत नाही, वारसाचं होतं. वारस तुम्ही. ही कात्री घ्या. मी फोडू शकते, पण नियम तुमच्या घरचा आहे.

मेट्रन : कात्री लांब आहे. बारीक नाही का एखादी? राहू दे. चालेल.

धाकटी : मी धरू का पाकीट?

मेट्रन : नको. पंखा जोरात आहे, तो कमी कर.

वकीलबाई : सावकाश होऊ दे. तोवर कर्जाचं सांगा. ते कशासाठी होतं?

धाकटी : आमच्यासाठी हो. आमचं बिऱ्हाड भाड्याच्या दोन खोल्यांत होतं. भाऊजी म्हणाले, सख्खा भाऊ भाडं भरतो आणि माझ्या घराची गच्ची मोकळी पडते, हे काही बरं नव्हे. वरचा मजला बांधला. त्या जिन्यावरून मी रोज खाली उतरते, आणि नोटीस लागल्यापासून प्रत्येक पायरीला—

मेट्रन : पायऱ्यांचं पुरे. मजला घराला हवाच होता. हप्त्याचं हे पाहत. एकदा मी विचारलं, तर म्हणाले, ‘माझ्या पेन्शनच्या खात्यातून आपोआप जातो. तू त्यात लक्ष घालू नकोस.’ मी घातलं नाही. मी समजले, आपोआप जातोच आहे.

वकीलबाई : ते गेले, पेन्शन थांबली, खातं बंद झालं. बंद खात्यातून आपोआप काही जात नाही, मेट्रनबाई.

मेट्रन : ते आता मलाही कळतं.

वकीलबाई : तुमची स्वतःची पेन्शन आहे?

मेट्रन : आहे. हप्ता भागून उरेल इतकी आहे. मी भिकेला लागलेली नाही, वकीलबाई. घर पैशांवाचून जात नाही आहे. म्हणूनच तर कुणाला सांगायची लाज वाटते.

वकीलबाई : वाचा पहिलं.

मेट्रन : तारीख, ते गेल्यानंतर सात आठवड्यांनी. ‘महोदय, आपल्या निधनाची नोंद आमच्या शाखेत झाली आहे...’

धाकटी : आपल्या निधनाची? त्यांनाच कळवतायत?

मेट्रन : ‘...तरी आपल्या वारसांनी शाखेत समक्ष येऊन हप्ता आपल्या खात्यास जोडून घ्यावा. त्यासाठी कोणताही दंड आकारला जाणार नाही.’

वकीलबाई : पुढं?

मेट्रन : पुढं काही नाही. सही. शिक्का.

वकीलबाई : दुसरं?

मेट्रन : तेच. तिसरंही तेच. चौथ्यात दंडाचा उल्लेख आहे. म्हणजे एकदा शाखेत जायचं होतं. एकदा. बाजारात जाता जाता वाटेत लागते ती.

धाकटी : जाऊबाई, पाणी घ्या.

मेट्रन : नको. वकीलबाई, माझ्या हाताखाली एखाद्या पोरीनं ताप चढत असताना तक्ता उघडून पाहिला नसता, तर मी तिला काय म्हटलं असतं, ते तुम्हाला सांगण्यासारखं नाही.

वकीलबाई : मग सांगू नका. त्यापेक्षा एक सांगा. ‘निधनाची नोंद झाली आहे’ असं बँक म्हणते. ती कुणी केली?

मेट्रन : मी. दाखल्याची प्रत दहाव्या दिवशी स्वतः नेऊन दिली. पोच घेतल्याशिवाय मी आजवर कुणाच्या हाती कागद की पैसा दिलेला नाही. ही पाहा पोच. शिक्का, तारीख, कारकुनाची सही.

वकीलबाई : सफारीवाला सोडून.

मेट्रन : तो एक सोडून. मान्य.

वकीलबाई : द्या इकडे. आता हे पंधरावं पाकीट, जाड आहे ते. हे फोडा. बरोबर, हीच ती साठ दिवसांची नोटीस. कुणाच्या नावानं आहे?

मेट्रन : ह्यांच्याच.

वकीलबाई : काकू, कळलं का? माणूस गेला हे बँकेला ठाऊक. तसं बँकेनं स्वतःच लिहिलंय. वर ही पोच. आणि तरी साठ दिवसांत उत्तर द्या, नाहीतर घर घेऊ, ही नोटीस धाडली कुणाला? गेलेल्या माणसाला. वारसाला एक ओळ नाही. ज्याला नोटीसच मिळाली नाही, त्याच्या दाराला हात लावता येत नाही. आणि ती गेलेल्या माणसाच्याच नावानं आली, ह्याचा पुरावा तुमच्या ह्या करारी जाऊबाईंनी शिसपेन्सिलीनं तारीख घालून ठेवलाय.

धाकटी : म्हणजे घर राहिलं?

वकीलबाई : आज दुपारीच बँकेला हरकतीचं पत्र, पोच घेऊन. उद्या सकाळी दहाला न्यायालयात ताबा थांबवण्याचा अर्ज. सोबत तुमचं लेखी म्हणणं, की थकलेलं सगळं ठरवून भरते आणि हप्ता माझ्या पेन्शनला जोडा. असे अर्ज मी पुष्कळ चालवलेत. ताबा थांबेल असं मला वाटतं. पण ‘घर राहिलंच’ असं लिहून देणार नाही. तसं लिहून देणारा पाच वाजता येणार आहे.

मेट्रन : खात्री न देणाऱ्या डॉक्टरवर माझा नेहमीच अधिक विश्वास होता. काढा कागद.

वकीलबाई : आता एक विचारते, रागावू नका. एकोणीस पाकिटं आली. घरात तुम्ही एकट्या नव्हतात.

धाकटी : मी होते. सहाव्या पाकिटावर बाहेरच छापलं होतं, ‘अत्यंत तातडीचे’. मी ते तीनदा उचललं आणि तीनदा ठेवलं.

मेट्रन : तू पाहिलं होतंस?

धाकटी : पोस्टमन म्हणालासुद्धा, बाई, हे बँकेचं दिसतं, बघून घ्या. ते मला वर्षभर डाचत होतं, जाऊबाई.

मेट्रन : मग बोलली का नाहीस?

धाकटी : कुठं बोलणार? एकदा जिन्यात सुरुवात केली होती. ‘ती पाकिटं—’ एवढंच म्हटलं. तुम्ही म्हणालात, ‘धाकटे, ज्याच्या नावाची आहेत तो बघेल.’ आणि दार लावून घेतलंत. तो म्हणजे कोण, असं मी विचारायचं का? भाऊजींना जाऊन चार महिने नव्हते झाले.

मेट्रन : असं म्हणाले होते मी?

धाकटी : आणि खरं सांगू, मजला आमच्यासाठी बांधलेला. ज्यांच्या जिवावर राहायचं, त्यांना त्यांच्याच कर्जाची आठवण कोणत्या तोंडानं करून द्यायची? तुम्ही मला कधी आश्रित म्हटलं नाहीत, ते मी विसरणार नाही. पण घरात तुमच्यापुढे कुणी बोलत नाही हो. सवयच नाही आम्हाला.

वकीलबाई : मेट्रनबाई, तुमचा फोन वाजतोय.

धाकटी : तोच असेल! सफारीवाला! घेऊ नका.

मेट्रन : का घेऊ नये? मी कुणाची चोरी केलेली नाही. हॅलो. हो, मीच. नाही, पाच वाजता येऊ नका. सही होणार नाही. कारण मी तिसरं कलम वाचलं. नाही, माझा गैरसमज झालेला नाही. उलट गैरसमज होता, तो गेला. बाजारभाव मला सांगू नका. आता मी सांगते ते ऐका. माझी आगाऊ रक्कम उद्या बारा वाजेपर्यंत परत करायची. कुठं? वाचनालयाच्या मागच्या खोलीत. इथं एक वकीलबाई बसतात, त्या पावती करून देतील. तुम्हाला पावतीची सवय नाही, ती लागेल. काय म्हणालात? मी एकटी म्हातारी? गृहस्था, मी ऐंशी खाटांचा वॉर्ड चालवलेला आहे, आणि एकटीही नाही. माझी जाऊ आहे बरोबर. ठेवा फोन.

धाकटी : अगं आई गं. अंगावर काटा आला माझ्या.

वकीलबाई : पैसे येतील की नाही, देव जाणे. नाही आले तर त्याच्याविरुद्ध तक्रारीचा कागद माझ्या कपाटात तयारच असतो. तुम्ही पहिल्या नाही आहात.

मेट्रन : तक्रार मी करीनच, पैसे आले तरी. पुढल्या दारावर तो उद्याच जाईल. बोला, माझ्याकडून आणखी काय हवं?

वकीलबाई : अर्जावर तुमचं नाव, मृताशी नातं, सही. इथं, इथं आणि मागच्या पानावर. वाचून करा.

मेट्रन : ते आता वेगळं सांगायला नको. ‘अर्जदार’ म्हणजे मीच ना?

वकीलबाई : तुम्हीच. यापुढचं प्रत्येक पत्र तुमच्या नावानं येईल.

मेट्रन : आल्या दिवशी फोडलं जाईल. मी घरी नसले, तर ही फोडील.

धाकटी : मी?

मेट्रन : तूच. उजेडात धरत बसू नकोस, सरळ फोड. झाल्या सह्या. आणखी?

वकीलबाई : शेवटचं. नोटीस दारावर लावली, त्या दिवसाची हकिगत मला शब्दशः हवी आहे. कोण आलं, कुणाला काय म्हणालं, नाव विचारलं का, वारस कोण हे विचारलं का. उद्या न्यायाधीश पहिला प्रश्न हाच विचारतील. घरी कोण होतं तेव्हा?

धाकटी : मी होते. जाऊबाई पेन्शनच्या कचेरीत गेल्या होत्या.

वकीलबाई : मग काय झालं?

मेट्रन : त्या दिवशी मी अकराला निघाले, तेव्हा दार—

वकीलबाई : मेट्रनबाई.

मेट्रन : हो. माझं चुकलं. तू सांग, धाकटे. सगळं सांग, घाई करू नकोस. मी मध्ये बोलणार नाही.